खाऱ्या पाण्यात एक हाक

वारंगा फाट्यावरच्या एका भरती अकॅडमीत मी सकाळी गणित आणि विज्ञान शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, हायवेच्या कडेनं धावून आलेली पोरं घामेजल्या बनियनवर बाकांवर येऊन बसतात, त्यातली निम्मी बसल्या बसल्या पेंगतात आणि उरलेल्या निम्म्यांकडून मी एककं बदलून घेतो. किलोमीटर प्रति तासाचं मीटर प्रति सेकंद करायचं तर पाचानं गुणा, अठरानं भागा. उलट जायचं तर उलट करा. दुपारी कळमनुरीच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात हेच पुन्हा फिजिक्स म्हणून सांगतो. तिथं मी तासिका तत्त्वावर आहे. तास घेतला तर मास्तर, नाही घेतला तर रस्त्यानं जाणारा कोणीही. ही व्यवस्था तात्पुरती आहे असं मला नेमताना सांगितलं होतं. तेव्हा माझे केस काळे होते.

यंदा नेव्हीच्या भरतीला बसणारी पोरं बरीच आहेत. त्यांच्यासाठी मी एक गणित घालतो. जहाजाचा वेग ताशी चोपन्न किलोमीटर आहे, तर तो समुद्राच्या पाण्यातल्या आवाजाच्या वेगाच्या कितवा हिस्सा? पाण्यातला आवाज सेकंदाला पंधराशे मीटर धरायचा. पंधराशेला अठरानं गुणून पाचानं भागलं की ताशी पाच हजार चारशे किलोमीटर. म्हणजे जहाज आवाजाच्या शंभराव्या हिश्श्यानं चाललं. इतकं सोपं गणित, तोंडी होतं. पण पोरं गुणत नाहीत, फोन काढतात. फोनवर एकक बदलून देणारं एक पान आहे. त्यात 'समुद्राच्या पाण्यातला आवाजाचा वेग' हे सरळ एक एकक म्हणूनच दिलेलं आहे, मीटर-किलोमीटरच्या मांडीला मांडी लावून. एका बाजूला चोपन्न टाका, दुसऱ्या बाजूला शून्य पूर्णांक शून्य शून्य नऊ आठ पाच आणि पुढं आकड्यांची शेपटी. मग एक जण हात वर करून म्हणतो, "सर, तुमचं उत्तर चुकलं."

माझं डोकं तिथंच फिरतं. अरे बाबांनो, कोणता समुद्र? वरचं कोमट पाणी की खालचं गार? मीठ किती? ते पान वीस अंशाचं पाणी आणि दहा मीटरची खोली धरून चालतं आणि तसं बारीक अक्षरात लिहितंही, पण बारीक अक्षर वाचतो कोण. पाणी गार झालं की आवाज मंदावतो, फार खोल गेलं की दाबानं पुन्हा वाढतो. तो एक आकडा नाहीच. हे मी दरवर्षी सांगतो, दरवर्षी पोरं माना डोलावतात आणि दरवर्षी पेपरात पर्याय येतात त्यात पंधराशेच बरोबर असतं. आताशा मी फार ताणत नाही.

समुद्र मी एकदाच पाहिला आहे, तोही शाळेच्या सहलीत, ओहोटीला. हे सगळं मला धाकट्या भावानं, बारक्यानं, सांगितलं. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान. एकोणिसाव्या वर्षी नेव्हीत लागला आणि पंधरा वर्षं त्याचं काम एकच होतं, कानाला यंत्र लावून पाण्यातले आवाज ऐकायचे. जहाजातून आवाज सोडायचा, तो कशावर तरी आपटून परत यायचा, किती वेळानं आला त्यावरून ते जे काही आहे ते किती लांब हे काढायचं. आमच्या खानदानात पाण्याशी कोणाचाच संबंध नव्हता. आमची मेंढरं. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, जन्मभर कुरुंद्याच्या पट्ट्यात मेंढरं घेऊन हिंडले. हळद निघाली की शेतकरी बोलावतात, रानात मेंढरं बसवतात, खत होतं. आई गेल्यावरही आबांनी कळप मोडला नाही.

आबांचं स्वतःचं एक माप होतं, हाक. इथून विहीर एक हाक, ओढा दोन हाका, त्या पलीकडचं सगळं 'लांब'. हे माप फार नेमकं होतं असं मी म्हणणार नाही. वारा पाठीशी असला की गाव जवळ यायचं, समोरून असला की लांब जायचं, आणि आबांना त्यात काही खटकायचं नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी मी अकॅडमीच्या पोरांना माळावर नेलं आणि आबांना पार टोकाला उभं केलं. हाक मारताना त्यांनी घोंगडी वर करायची, घोंगडी दिसली की पोरांनी फोनवरचं घड्याळ सुरू करायचं, हाक ऐकू आली की बंद. मोटारसायकलच्या मीटरवर अंतर अर्धा किलोमीटर भरलं. पोरांच्या आकड्यांत एकाचा दुसऱ्याला मेळ नव्हता, कारण आबा कधी घोंगडी आधी वर करायचे, कधी हाक आधी मारायचे, आणि मधेच मेंढरांनाच हाका घालायचे. कसंबसं दीड सेकंदावर आणलं. मग मी फळ्यावर लिहिलं, एक हाक म्हणजे पाचशे मीटर. आबांना त्याचं फार कौतुक वाटलं. गावात सांगत फिरले की सरकारी पुस्तकात त्यांची हाक छापून आली.

त्याच दिवाळीत भाऊ सुट्टीवर आला होता. त्यानं आबांना सांगितलं, हवेपेक्षा समुद्राच्या पाण्यात आवाज चौपटीच्या वर पळतो. मी लगेच मास्तरकी केली, "म्हणजे आबा, एका सेकंदात तीन हाका."

आबा विचारात पडले. "सेकंदात तीन हाका मानसाच्या तोंडून निघतच न्हाईत," म्हणाले. मी समजावलं की हाका मारायच्या नाहीत, एकच हाक तेवढं अंतर जाते. ते त्यांनी ऐकून घेतलं आणि मग भावाकडं वळून म्हणाले, "आवाज इतका पळते तिकडं, मंग तुझा फोन महिना-महिना काहून येत न्हाई?"

भाऊ हसून हसून आडवा झाला. मला मात्र पुढचे पंधरा दिवस आबांना समजावत बसावं लागलं की फोन पाण्यातून येत नाही.

आता मूळ गोष्टीकडं येतो. आबांचे कान जाऊ लागले ते आम्हाला कळलं नाही, कारण ते कधीच ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. ऐकू न येणं आणि न ऐकणं यांत आमच्या घरात फरक दिसायला वेळ लागतो. बायको म्हणायची, आबा हल्ली भाकरी वाढली म्हटलं तरी वळून बघत नाहीत. मी म्हणायचो, चिडले असतील.

कळलं ते रस्त्यावर. मी दुपारी कॉलेजकडं निघालो होतो. आबा कळप घेऊन हायवेच्या कडेनं चालले होते आणि मागून एक ट्रक आला. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मेंढरं बिथरून रस्त्यावर पांगली, आबा आपले सरळ चाललेले. ट्रक कचकन थांबला, एक मेंढी चाकाखाली गेली. आबांनी मागं वळून पाहिलं आणि ड्रायव्हरवर काठी उगारली. "हॉर्न वाजवायला काय होते रे तुला?" ड्रायव्हरचा हात अजून हॉर्नवरच होता. मी मोटारसायकल टाकून धावलो. त्या हॉर्नच्या कल्लोळात आबा माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, "पाहिलं का, मुक्यानं आला."  मी भ्यालो, हे लपवण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी मी म्हणालो, उद्या नांदेडला कानाच्या डॉक्टरकडं जायचं. मला वाटलं, खर्च नको म्हणतील, म्हातारपण म्हणतील. आबा उठले, दाराची कडी लावली आणि माझ्या कानाशी येऊन, जसा काही मीच बहिरा, म्हणाले, "बारक्याची पेन्शन बसल्याबिगर मी कोनाला कान दावत न्हाई."

मला आधी काही उमजेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भाऊ भरतीला गेला तेव्हा डॉक्टरांनी त्याला एकदा परत पाठवलं होतं. कानात मळ आहे, काढून या, म्हणाले. आबांनी ते मनात धरलं होतं. नेव्हीला कान पाहिजे. त्यात भावाचं काम ऐकायचं, दरवर्षी कानाची तपासणी. आणि मेंढा घेताना आपण काय बघतो? त्याचा बाप बघतो. बाप लंगडा असला, आंधळा असला, तर पोरगं कितीबी धडधाकट दिसू दे, कोणी हात लावत नाही. म्हणून जवळा बाजार गावाला मेंढा विकायला न्यायचा तर त्याचा म्हातारा बाप त्या दिवशी घरी मागं बांधून ठेवायचा. हे मीही लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे.

"आता मी दवाखान्यात गेलो की माझं नाव कम्प्युटरवर चढते," आबा म्हणाले. "बाप बहिरा. मंग त्याला कोन ठिवते तिथं?"

"आबा, नेव्ही काय मेंढरं घेते का?"

"सरकार आपल्यापेक्षा येडं हाय का?"

 ओरडून बोललं तर थोडं ऐकू यायचं, पण ओरडायला लागलो की शेजारी ऐकतील म्हणून आबा तोंडावर हात ठेवायचे. मी पंधरा-वीस वर्षं पोरांना एककं बदलायला शिकवतो. मीटरचं किलोमीटर होतं, जहाजाच्या नॉटचं ताशी किलोमीटर होतं, हाकेचंसुद्धा झालं. पण मेंढ्याच्या बाजाराचं नेव्हीत रूपांतर करणारा गुणक माझ्याजवळ नव्हता आणि आबांजवळ तो तयारच होता, एकास एक. दोन-तीन महिने मी रोज डोकं आपटलं. मग कॉलेज, अकॅडमी, दोन्हीकडच्या परीक्षा, आणि मी थकलो. माणूस असाच हरतो, कोणी हरवावं लागत नाही.

आबांनी एकच गोष्ट माझ्याकडून मागितली. बारक्याला कळू द्यायचं नाही. तो बंदरात आला की रविवारी फोन करायचा. आबा फोन कानाला लावून बसायचे, स्पीकर चालू, आणि मी दुसऱ्या बाजूला त्यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी तोंड नेऊन भाऊ जे म्हणेल ते पुन्हा सांगायचो. तेही जसंच्या तसं सांगून भागायचं नाही. भाऊ म्हणायचा, वीस नॉटनं आलो. मी सांगायचो, फाट्याचा चढ चढणाऱ्या ट्रकच्या वेगानं आला. भाऊ म्हणायचा, पाणी खवळलं होतं, दोन दिवस काही कळत नव्हतं नीट. मी सांगायचो, तब्येत बरी आहे. आबा मग खणखणीत आवाजात फोनमध्ये म्हणायचे, "बराबर हाय. जेवत जाय." सगळं आटोपल्यावर माझा घसा बसलेला असायचा आणि आबा खूश. मला मात्र त्या दोघांच्या मधली वायर होऊन राहिल्यासारखं वाटायचं, आणि दर रविवारी फोन वाजला की नको वाटायचं. हे बोलायला बरं दिसत नाही, पण खरं आहे.

मधे भाऊ एकदा सुट्टीवर आला. आबांनी काय करावं? मेंढा विकायला काढला की म्हाताऱ्याला मागं बांधतात तसं त्यांनी स्वतःलाच लपवलं. पहाटे उठून कळप घेऊन रानात, दिवेलागणीला परत, जेवले की घोंगडी डोक्यावर. पोरगं दीड-दोन वर्षांनी घरी आलेलं आणि बाप त्याच्याशी दोन शब्द बोलायला बसत नाही. भाऊ ओट्यावर बसून असायचा. एके दुपारी मी कॉलेजातून आलो तर तो तसाच बसलेला, समोर चहा निवलेला.

"आबाला अजिबात ऐकू येईना न्हवं?" तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी टेकलो. शब्द पाळायचा की मोडायचा हे ठरवायचंसुद्धा त्राण नव्हतं.

"दादा, माझं काम काय हाय? फोनवर मी बोललो की आधी तुझा आवाज येतो, बारीक. मग मोजून थोड्या वेळानं आबाचा. दीड वर्ष झालं, मी बोलायचं कमी केलं. तुला सांगायला सोपं जावं म्हून."

म्हणजे दीड वर्ष हा तिकडून तुकडे पाडून बोलत होता आणि मी समजत होतो की पोरगं अबोल झालं. मला एकदम रडूच आलं. बायको आतून बघत होती, म्हणून मी तोंड धुवायला गेलो.

मग मी त्याला आबांचं कारण सांगितलं. तो हसला नाही. दिवाळीत पोट धरून लोळलेला हाच भाऊ, आता नुसता बघत राहिला. "माझा कान माझा," म्हणाला. "तिथं बापाचा कान कोणी विचारत न्हाई. बाप हाय का गेला, तेबी कागदावर एकदाच विचारतात."

"मग सांग जाऊन त्यांना."

तो गेला. रानात, कळपात उभं राहून त्यानं आबांच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. दोन शेतं पलीकडं हळद काढणाऱ्या बायकांनी हात थांबवून ऐकलं, असं नंतर गावात कळलं. तासाभरानं तो परत आला तो घामानं ओला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुला काय म्हाईत. घेणारा काय बघून घेते, ते मेंढ्याला कुठं म्हाईत असते."

 शेवटी ठरलं ते हे की वाट बघायची. नेव्हीत पंधरा वर्षं भरली की पेन्शन बसते, आणि आबांच्या हिशोबानं पेन्शन बसली की सौदा पक्का, मग घेतलेला माल परत करता येत नाही. जाताना भाऊ मला एवढंच म्हणाला की मुदत भरली की वाढवून घेणार नाही, घरीच येणार. "लई ऐकलं पाण्यातलं," म्हणाला. "आता आबासंग बसतो. त्याच्या मागं मेंढरात हिंडतो. बोलायचं लई राहून गेलं."

ती वाट बघणं मी फार काही मनापासून केलं नाही. रोजचं रोज ढकललं. आता हायवेवर कळप न्यायचा नाही एवढं मी आबांकडून भांडून कबूल करून घेतलं होतं आणि ते पाळतही होते. ते दिवसेंदिवस गप्प होत गेले. आधी लोकांच्या ओठांकडं बघायचे, मग तेही सोडलं. कोणी काही विचारलं तर "बराबर हाय" म्हणायचे, प्रश्न कोणताही असो. गावातल्या पोरांनी त्याची मजा केली. एकदा एकानं विचारलं, आबा, तुमचं दुसरं लगीन कधी? आबा म्हणाले, बराबर हाय. सगळे हसले, आबाही हसले. मी त्या पोराच्या कानाखाली वाजवली असती, पण तो माझ्याच अकॅडमीतला होता आणि मास्तरनं हात उचलला की त्याचा व्हिडिओ लगेच फोनवर फिरतो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला भाऊ कायमचा घरी आला. एक मोठी बॅग, एक पत्र्याची पेटी. पेन्शन बसली. त्यानं पहिल्यांदा आबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि मग बँकेचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. आबांना वाचता येत नाही. त्यांनी ते उलटं-सुलटं बघितलं, माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. आबांनी पुस्तक त्याला परत दिलं आणि म्हणाले, "चला आता नांदेडला."

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, जसं बाजाराला जायचं म्हणावं. दुसऱ्याच दिवशी निघालो. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका नवा बांधला. गाडीत भाऊ त्यांच्या शेजारी बसला होता आणि सारखा काहीतरी दाखवत होता, नवा पूल, उसाचे ट्रॅक्टर. मी पुढं बसून मनातल्या मनात आशा करत होतो. हल्ली कानामागं बसवायची यंत्रं फार चांगली आली आहेत, असं कॉलेजातल्या एकानं सांगितलं होतं.

डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. कानाला यंत्र लावून आवाज सोडायचे आणि आबांनी ऐकू आला की बोट वर करायचं. भाऊ काचेच्या अलीकडं उभा होता. पंधरा वर्षं कानाला यंत्र लावून ऐकण्याचंच काम त्यानं केलेलं. मी त्याच्याकडं बघत होतो. आबांचं बोट बराच वेळ वर झालं नाही. मग झालं, पण तेव्हा आवाज सोडलेलाच नव्हता, असं यंत्र चालवणाऱ्या बाई म्हणाल्या. आबा अंदाजानं बोट वर करत होते. परीक्षेत पोरं करतात तसं.

नंतर डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावून सांगितलं. कानाची नस गेली आहे. यंत्र लावून बघता येईल, पण त्यातून नुसता गलका ऐकू येईल, शब्द उमगणार नाहीत. दोन-तीन वर्षांपूर्वी, थोडं ऐकू येत होतं तेव्हाच यंत्र लावलं असतं, तर कानाची सवय राहिली असती. ऐकणं बंद पडलं की मेंदूही ते विसरतो, म्हणाले. "इतके दिवस थांबलात कशाला?"

 काय सांगणार, मेंढ्याचा बाजार? मी भावाकडं पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. घरी येऊन बापाशी बोलायचं म्हणून पंधरा वर्षं संपवून आलेला माणूस. मला राग आला, सगळ्यांचाच आला. आबांचा, नेव्हीचा, त्या कानातल्या मळाचा, आणि थकून गप्प बसलेल्या माझाही. पण राग काढायलाही अंगात जोर लागतो.

बाहेर बाकावर आबा बसले होते, काठी दोन गुडघ्यांच्या मधे. आम्ही आलो तसे त्यांनी तोंडाकडं बघितलं. काय झालं ते त्यांना आमच्या चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण त्यांनी ते विचारलंच नाही. त्यांनी भावाच्या मनगटाला धरलं आणि विचारलं, "पन तुझी पेन्शन तर बसली न्हवं? आता काढून तर घेत न्हाईत?"

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्या जिभेवर होतं की आबा, ती बसणारच होती, तुमच्या कानाचा आणि तिचा काही संबंध नव्हता, कधीच नव्हता. पाहिजे तर सगळा दवाखाना ऐकेल इतक्या मोठ्यानं सांगितलं असतं. भावानं माझ्या छातीवर हात ठेवून मला मागं सारलं. तो आबांच्या पुढ्यात फरशीवर गुडघ्यांवर बसला, तोंड त्यांच्या कानाला लावलं आणि ओरडला, "न्हाई काढत आबा! तुमच्यामुळं बसली! तुमी गप राह्यले म्हून बसली!"

रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली. आतून शिपाई बाहेर आला.

आबांनी त्या वळलेल्या माणसांकडं बघत त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मला म्हाईत हाय. वरडून काहून राहिला?"